तार उचलण्याचे दहा दिवस

आपल्याच घराच्या कठड्याला बांधलेल्या काळ्या तारेपुढं मी एक दिवस हात जोडीन, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण गेल्या पौषापासून मी ते रोज करतो आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. त्या तारेच्या पोटात केसाएवढी काच आहे. काचेतून उजेड पळतो आणि त्या उजेडावर आमची सूनबाई वडगाव रासाईच्या माडीवरून तीन देशांतल्या लोकांशी एकाच वेळी वाद घालते. ज्याला याचं नवल वाटत नाही त्यानं देवळातसुद्धा जायचे कष्ट घेऊ नयेत.

झालं असं. आमचा मुलगा सत्यजीत रांजणगावच्या कंपनीत आहे. वाघोलीच्या भाड्याच्या फ्लॅटमधून जा-ये करतो; गावाकडूनही अंतर तेवढंच पडतं. अडचण अनुपमाची, म्हणजे सूनबाईची होती. तिचं काम कॉम्प्युटरवरचं. तिच्या कंपनीनं कळवलं की गावाकडून काम करायला आमची हरकत नाही, पण आधी कामाचे दहा दिवस तिथून काम करून दाखवा. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा इंटरनेट तुटता कामा नये. दहा दिवसांत मिळून दहा मिनिटांच्या वर खंड पडला तर परवानगी नाही. परवानगी नाही तर वाघोलीचा करार आणखी तीन वर्षांनी वाढणार. आणि आमची माडी? ती बांधून चार वर्षं झाली, तिथं आजवर फक्त कांदे राहिले होते. कांदे बघायला सोजराबाई, म्हणजे आमचं कुटुंब, जिना चढायची. ते उलटेपालटे करताना तिला डोळे पुसायला आयतं निमित्त मिळायचं, हे मला ठाऊक होतं. माझं म्हणाल तर मी कांद्याला हातच लावत नव्हतो.

तेव्हा मी सगळी सूत्रं हाती घेतली. तीस वर्षं साखर कारखान्याच्या यार्डात मी उसाच्या गाड्यांना नंबर दिले आहेत. दोनदोनशे ट्रॅक्टर ज्यानं रांगेत उभे केले त्याला एक तार घरात आणणं काय जड, असा माझा समज होता.

शिरूरला ‘गतिमान फायबर’ नावाच्या कंपनीचं ऑफिस आहे. तिथं सोनम नावाची मुलगी होती. तिनं आधार घेतलं, जमिनीचा आठ-अचा उतारा घेतला आणि मोबाईल माझ्या तोंडापुढं धरला.

“आप्पा, हितं बघा आन् डोळे मिचकवा.”

मी शेजारी बसलेल्या सोजराबाईकडं पाहिलं. आयुष्यात मी परक्या बाईसमोर डोळा मिचकावलेला नाही.

“मिचकवा की,” सोजराबाई म्हणाली. “माझी परवानगी हाय.”

मी मिचकावले. मोबाईलवर अक्षरं उमटली: ‘जिवंत व्यक्ती आढळली नाही.’

“असं कसं?” मी म्हणालो.

“नियम हाय आप्पा, वरनं आलाय. माणूस जिता हाय का फोटो हाय, त्ये बघत्यात. तुमी यार्डात बसल्यावानी बघताय. जरा सैल बसा.”

चार वेळा मिचकावले. चारही वेळा मी मेलेलो. पाचव्या खेपेला नाकावर माशी बसली, माझे डोळे आपोआप फडफडले आणि हिरवी खूण आली. माझी जिवंत म्हणून नोंद झाली ती त्या माशीमुळं. पण मला राग आला नाही. उलट दबून गेलो. गावात तीस वर्षांपूर्वी मेलेली माणसं अजून सातबाऱ्यावर नांदतात आणि हे यंत्र जित्या माणसाकडंही पुरावा मागतं. केवढी ही दक्षता!

खरी गंमत पुढं होती. आमचं गाव शिरूर तालुक्यात, पण भीमेच्या काठावर. नदी ओलांडली की दौंड तालुका. कंपनीची जवळची तार पुलापलीकडं, दौंडच्या बाजूला होती. शिरूरचं ऑफिस म्हणालं, पत्ता आमचा आहे पण तार दौंडची, तिकडं जा. मी दौंडला गेलो. तिथले साहेब म्हणाले, तार आमची आहे पण पत्ता शिरूरचा, तिकडून पत्र आणा. पत्र आणलं तर म्हणाले, पत्रावर पिनकोड शिरूरचा आहे, आमचा कॉम्प्युटर तो घेत नाही. या दोन गावांच्या मध्ये मी तीन आठवडे एसटीनं इतका हिंडलो की कंडक्टर मला उतरताना बघून “उद्या?” असं विचारायला लागला.

मध्येच कस्टमर केअरला फोन करायचो. तिथं एक बाई बोलते. आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे, असं ती सांगते. एकदाच नव्हे; एका खेपेला तर चाळीस मिनिटं सांगत होती. आवाजात जरा म्हणून कंटाळा नाही. मी यार्डात असताना दुसऱ्यांदा नंबर विचारणाऱ्यावर खेकसत असे. त्या बाईपुढं मला माझीच लाज वाटली. तक्रारीचा नंबर चौदा आकडी. मी तो चुन्याच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवला, तेव्हा कुठं मावला.

आमचा शेजारी संपत. रस्त्याच्या पलीकडं त्याचा गोठा. तो रोज संध्याकाळी सल्ला घेऊन यायचा.

“आप्पा, तार जमिनीतनं घ्या.”

“आणि तुझा जेसीबी पाइपलाइन उकरायला आला म्हंजे?”

“त्ये बी हायच,” असं म्हणून तो दुसरा सल्ला काढायचा. “मग पाण्याच्या टाकीवर छत्री बशिवा. न्हाईतर सूनबाईंना म्हणावं, माज्या गोठ्याच्या पत्र्यावर बसून काम करा, तिथं मोबाईलला दोन कांड्या येत्यात.”

शेवटी त्या तक्रारीवर एका सकाळी दौंडहून कंपनीचा तार जोडणारा पॉल आला. तिशीचा, गळ्यात क्रॉस, मोटरसायकलला शिडी बांधलेली. त्याचे वडील दौंडला रेल्वेत सिग्नलच्या खात्यात होते, त्यामुळं तारेला तो देवाधर्माइतका मान देतो. पत्ता शिरूरचा की दौंडचा, हे त्यानं विचारलंच नाही. “मामा, पुलावरनं दिसतंय की तुमचं घर,” एवढंच म्हणाला. तीन आठवडे दोन ऑफिसांना जे दिसलं नाही ते त्याला पुलावरून दिसलं.

विजेच्या खांबाला आमची तार बांधायची नाही, असा नियम. म्हणून ती संपतच्या गोठ्याच्या वाशावरून रस्ता ओलांडून आमच्या माडीच्या कठड्याला आली. मग पॉल ओट्यावर मांडी घालून बसला आणि त्यानं एक पेटी उघडली. तारेतली काच त्यानं नखानं दाखवली. मला दिसलीच नाही. तिची दोन टोकं त्यानं पेटीत ठेवली आणि बारक्याशा पडद्यावर तीच टोकं कालव्याच्या पाइपाएवढी जाड दिसायला लागली. समोरासमोर सरकली, क्षणभर थांबली, मध्ये ठिणगी उडाली आणि दोन्ही काचा एक झाल्या. सांधासुद्धा दिसेना. मी घरात जाऊन चष्मा आणला, सोजराबाईला हाक मारली, संपतला बोलावलं आणि पॉलला म्हणालो, “परत कर की.”

“मामा, परत करायला तोडावी लागंल.”

“ह्यो उजेड जातो कुठं?” सोजराबाईनं विचारलं.

“दौंड. तिथनं पुणं. पुढं मुंबई, आन् मग समुद्राखालनं परदेशात.”

“समुद्रात कुणाचं ट्रॅक्टर न्हाईत ना?”

आम्ही हसलो. हसायला नको होतं. पॉलची मोटरसायकल पूल ओलांडून गेली असेल नसेल, तेवढ्यात दोन ट्रेलरचा उसाचा ट्रॅक्टर आला. गळिताचा हंगाम ऐन भरात होता आणि ऊस माडीच्या खिडकीला लागेल इतका वर रचलेला. वाढ्यांत, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या पाल्यात, तार अडकली, ताणली आणि तटकन तुटली. त्या उंचीच्या गाड्या मी तीस वर्षं यार्डात घेतल्या. ‘किती रचलाय रे’ असं कौतुकानं म्हटलंसुद्धा आहे. आता तो ऊस माझ्या दाराशी आला होता.

पॉल आला, जोडून गेला. परत तुटली. तीन दिवसांत चार वेळा. दर वेळी मी तक्रार करायचो आणि पॉल निघायच्या आधीच मेसेज यायचा: ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.’ त्या तत्परतेचं मला कौतुक वाटायचं, कारण तार तेव्हा रस्त्यावर लोळत असायची. मग मी अपील केलं. अपिलाचा हक्क नियमानं दिलेला आहे आणि अर्ज लिहिण्यात माझा हात कुणी धरत नाही. पाच पानांचा लिहिला. त्यासाठी माहिती काढली तेव्हा कळलं की रस्त्यावरची तार किती उंच हवी यालाही नियम आहे आणि गाडीतला माल किती उंच असावा यालाही आहे. कागदावर दोन्हींच्या मध्ये एक माणूस उभा राहील एवढी हवा होती. रस्त्यावर मात्र तार नियमाच्या खाली आलेली, ऊस नियमाच्या वर गेलेला, आणि दोघंही राजरोस चालू. अपिलाचं उत्तर आलं: ‘अडथळा बाह्य स्वरूपाचा असल्याने प्रकरण बंद.’

तोवर शुक्रवार आला. सत्यजीत आणि अनुपमा दोन बॅगा घेऊन आले. सोमवारपासून दहा दिवस मोजायचे होते. दिवसाला तीस-पस्तीस ट्रॅक्टर जात होते.

“ड्रायव्हर लोकांना सांगा की,” सोजराबाई म्हणाली. “समदे वळखीचे हायती तुमच्या.”

तेच तर होतं. ज्यांना मी तीस वर्षं हुकूम सोडले त्यांच्यापुढं हात कसे जोडायचे? ते मला जमेना. पण माझ्याकडं दुसरी एक गोष्ट होती.

आमच्या जत्रेत देवाची काठी निघते. काठी उंच, ती वाकवायची नाही, आडवी करायची नाही, असा रिवाज. त्यामुळं वाटेतल्या तारा पुढं चालणाऱ्यानं वेळूच्या बेचक्यानं उचलून धरायच्या आणि काठी खालून जाऊ द्यायची. हा तार उचलण्याचा मान आमच्या घराकडं आहे. गावात वीज आली तेव्हापासूनचा, म्हणजे फार प्राचीन नाही, पण मान तो मानच. मी माळ्यावरून वेळू काढला, बेचक्याला फडकं गुंडाळलं आणि सोमवारी पावणेनऊला टोपी घालून रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो.

ट्रॅक्टर आला की बेचकं तारेखाली घालायचं, टाचा उंचावून हात ताणायचे आणि दुसरा ट्रेलर निघेपर्यंत श्वास रोखायचा. ऊस टोपीला घासून जायचा. डोक्यावरून काच आणि काचेतून उजेड, आणि त्या उजेडात आमच्या सूनबाईचा आवाज परदेशी चाललेला! तो मला ऐकू येत नव्हता. पण वेळूतून तळहाताला काही जाणवतं का, हे मी दर वेळी बघायचो. एकदा जाणवलं असं मला आजही वाटतं. संपत म्हणतो, त्ये सांधेदुखीचं आसंल.

पहिले दोन दिवस ड्रायव्हर हसले. तिसऱ्या दिवशी ज्योतिबा नावाचा ड्रायव्हर टेप मोठा करून ओरडला, “आप्पा, रिटायर झाल्यावर बढती भेटली व्हय?” यार्डात असतो तर त्याचा नंबर दीडशेवर ढकलला असता. मुकाट्यानं तार उचलली. खरं सांगतो, त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पण तार टिकली. पाच दिवस, सात दिवस, नऊ दिवस. खंड शून्य मिनिटं. माडीवर अनुपमाच्या खोलीत पडदे लागले. सोजराबाईनं कांद्याची बारदानं संपतच्या गोठ्याकडं हलवली आणि रोज दुपारी चार वाजता चहा घेऊन ती जिना चढायला लागली. खाली उतरायची तेव्हा तिच्या चेहऱ्याकडं बघून मला आणखी दहा वर्षं उभं राहता आलं असतं.

दहावा दिवस. दुपारचे साडेचार. दीड तास उरलेला. ज्योतिबाचा ट्रॅक्टर आला. मी बेचकं लावलं, तार उचलली, पहिला ट्रेलर गेला. दुसऱ्या ट्रेलरच्या मोळीतून एक ऊस बाहेर आलेला होता. तो वेळूच्या आणि माझ्या बंडीच्या मध्ये घुसला. वेळू सोडला असता तर मी सुटलो असतो, पण मग तार गेली असती. मी सोडला नाही. माझे दोन्ही पाय जमिनीवरून उचलले गेले. सहासष्टाव्या वर्षी मी उसाच्या गाडीला लटकत सात-आठ हात पुढं गेलो, आणि मग संपतनं जनावरांसाठी टाकलेल्या वाढ्यांच्या ढिगात जाऊन पडलो. पडता पडता वर बघितलं. तार झोके घेत होती. शाबूत होती.

“राहिली!” मी ओरडलो. मग घोट्यात कळ आली.

सगळ्यात आधी कोण पोचलं असेल? अनुपमा. अनवाणी, कानाला लावायचा हेडफोन गळ्यात लोंबतोय, काचा-खडे न बघता पळत आलेली. मला बघून तिनं आधी माझं डोकं चाचपलं, मग हात, मग पाय. मी म्हणालो, “अगं, मीटिंग!” तिनं ऐकलंच नाही. सत्यजीत कामावर होता. तिनंच मला गाडीत घातलं, डॉक्टरकडं नेलं, पट्टी बांधून आणलं. परत आलो तेव्हा सहा वाजून गेले होते.

संध्याकाळी कंपनीचा निकाल आला. कॉम्प्युटरनं सगळं टिपलं होतं. ‘इंटरनेट अखंड. कर्मचारी अनुपस्थित: एक तास सव्वीस मिनिटं.’ खंड तारेचा असो की माणसाचा, नियम तो नियम. दहा दिवस सोमवारपासून पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

मी खाटेवर पाय उशीवर घेऊन पडलो होतो. मला रडू कोसळायचं तेवढं राहिलं होतं. “पोरी, तार शाबूत होती. मी काय, पडलो होतो, उठलो असतो. तू कशाला उठलीस?”

अनुपमा पायाशी बसली. “आप्पा, माझ्या टेबलासमोरच खिडकी आहे. दहा दिवस दर थोड्या वेळानं उसाच्या पलीकडं तुमची टोपी वर यायची. आज ट्रॅक्टर गेला आणि टोपी वर आलीच नाही. मग मी त्यांना काय सांगत बसू, अमुक टक्के आणि तमुक टक्के?”

काच, उजेड, समुद्राखालची तार यांनी थक्क झालेला मी त्या दिवशी या पोरीपुढं जितका थक्क झालो तितका कशानंच झालो नाही.

पण सोमवारचं काय? सत्यजीतला रजा नव्हती. संपत म्हणाला, मी धरतो वेळू, पण त्याचा खांदा निखळलेला. हात डोक्याच्या वर जाईना. सोजराबाई पदर खोचून तयार झाली होती. वेळू तिच्या दुप्पट. आम्ही सगळे जाणून होतो की आता काही खरं नाही. रविवारी रात्री अनुपमानं पडदे काढून त्यांची घडी घातली, ते मी पाहिलं नाही असं दाखवलं.

सोमवारी नऊला मी खाट ओसरीवर घ्यायला लावली. निदान डोळ्यांदेखत तुटू दे. वेळू सोजराबाईच्या हातात. पहिला ट्रॅक्टर आला तो ज्योतिबाचा. तारेच्या अलीकडं वीस हातांवर तो थांबला. टेप बंद झाला. तो खाली उतरला, ओसरीकडं न बघता सोजराबाईपाशी गेला आणि म्हणाला, “मावशी, द्या हिकडं.”

त्याच्या मागं दुसरा ट्रॅक्टर होता. त्याचा ड्रायव्हर उतरला, त्यानं ज्योतिबाकडून वेळू घेतला, तार उचलली आणि ज्योतिबा आपली गाडी खालून हळूहळू काढून घेऊन गेला. मग तिसरा आला, त्यानं वेळू घेतला, दुसरा गेला. चौथ्यानं तिसऱ्याला काढलं. पाचवा दिसेना, तर चौथा गाडी बंद करून, वेळू खांद्याला लावून, बिडी ओढत रस्त्यात उभा राहिला.

“अरे, जा की!” मी ओसरीवरून ओरडलो. “यार्डात नंबर मागं पडंल!”

“पडू द्या,” तो म्हणाला. “माज्या मागनं कुणीतरी येईलच की.”

नंबरासाठी यार्डात एकमेकांची डोकी फोडणारी ही माणसं. मी ती भांडणं सोडवली आहेत, रक्त पुसलं आहे. आणि तीच माणसं दहा दिवस, नऊ ते सहा, मागून येणाऱ्याची वाट बघत माझ्या दारात उभी राहिली. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. ज्योतिबानं सांगितलं असणार. त्यानंही ते कधी कबूल केलं नाही. एकदा चहा दिला तर म्हणाला, “चहा नको आप्पा, पाय बरा करा.” मी त्याला “बस रे” म्हणालो. त्याला ‘बस’ म्हणायची तीस वर्षांतली ती पहिली वेळ होती.

इंटरनेट अखंड. कर्मचारी उपस्थित. परवानगी आली.

पुढच्या रविवारी सकाळी वाघोलीहून टेम्पो आला. फ्रीज, गाद्या, पुस्तकांची खोकी आणि सगळ्यांच्या वर उभं ठेवलेलं अनुपमाचं कपाट. रविवार असला तरी गळीत चालूच होतं. टेम्पोवाल्याला तारेचं काही ठाऊक नव्हतं, तो सरळ आत वळायला लागला. तेवढ्यात मागच्या ट्रॅक्टरमधून कुणीतरी उडी मारली, “ए, थांब, थांब!” म्हणत धावलं आणि तार वर गेली. मी लंगडत फाटकापर्यंत गेलो होतो. मला बोलायचं खूप होतं, पण मी सगळ्यांच्या देखत रडलो.

“आप्पा, बाजूला व्हा,” वेळू धरलेला म्हणाला. “हात दुखत्यात. सूनबाईंचं कपाट आत जाऊ द्या.”